उत्सव-समारंभांसाठी वृंदगान: ग्वाल्हेरमध्ये नवा गायनवृंद उभारताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कोणत्याही मराठी मंडळाचे वर्षभराचे कार्यक्रम पाहिले, तर चारचौघांनी मिळून गाण्याचे प्रसंग सतत येत असल्याचे दिसते. गणेशोत्सवातील आरत्या, दिवाळी पहाट, गुढीपाडवा, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टचे ध्वजवंदन, शाळेचे स्नेहसंमेलन आणि घरची लग्नकार्ये ही त्यांतली ठळक नावे. या प्रसंगांना गाणारी माणसे मिळतात, कारण ख्यालगायकीची गंगोत्री मानल्या जाणाऱ्या या शहरात घरटी एक तरी व्यक्ती थोडेफार गाणे शिकलेली असते. तरीही पंधरा-वीस चांगले गाणारे एकत्र उभे राहिले म्हणजे वृंद तयार झाला, असे होत नाही. एकट्याने गाण्याच्या तालमीत आपला आवाज उठून दिसावा, आपली जागा निराळी पडावी, असे शिकवले जाते. वृंदगानात मात्र शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजाइतकाच स्पष्ट ऐकू येईल एवढ्याच जोराने गावे लागते. नवा वृंद उभारू पाहणाऱ्यांसाठी सुरुवातीपासूनच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत. सर्व पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, त्यामुळे उच्चार आणि सुरांची जुळणी यांना अधिक जागा दिली आहे.

आधी प्रसंग, मग गाणे

पहिल्या बैठकीत गाण्यांची यादी करू नये, प्रसंगांची करावी. प्रत्येक प्रसंगापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: श्रोते उभे असणार की बसलेले, ते ऐकणार की सोबत गाणार, आणि गाण्याला किती मिनिटे मिळणार. गाण्याची निवड या तीन उत्तरांवरून बरीचशी आपोआप ठरते.

ध्वजवंदनाला राष्ट्रगीत असते आणि तेथे निवडीचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो वेळेचा. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांत म्हणावयाचे असते, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे संक्षिप्त रूप सुमारे 20 सेकंदांचे असते. नवे वृंद भावनेच्या भरात लय लांबवतात, म्हणून घड्याळ लावून चार-पाच वेळा म्हणून पाहावे. आरतीची अडचण याच्या नेमकी उलट आहे. ती सर्वांना पाठ असते, टाळ्या आणि झांजा चालू असतात, आणि प्रत्येक कडव्यागणिक लय चढत जाते. वृंदातील एका व्यक्तीने केवळ लय धरून ठेवण्याचे काम घ्यावे, आणि ते काम झांज वाजवणाऱ्याकडेच द्यावे, कारण गर्दीत झांजच सर्वांत लांब ऐकू जाते.

मंगलाष्टके वृंदाने म्हणण्याची पद्धत अलीकडे रुजते आहे आणि माझ्या मते ती फार शोभते. ती बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात 19 अक्षरे असून बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे चरणातला थांबा, येतो. श्वास त्या यतीवरच घ्यावा. एकाने सातव्यावर आणि दुसऱ्याने दहाव्यावर श्वास घेतला की चरणाचे तुकडे पडतात. घरच्या माणसांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधूवरांची नावे बसवताना अक्षरे कमी-जास्त होतात, तेव्हा ती आधीच मोजून दुरुस्त करून घ्यावीत.

समारंभाच्या आरंभीचे स्वागतगीत किंवा वंदना तीन मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. पाहुणे व्यासपीठावर उभे असताना चार कडवी गाणे हे श्रोत्यांच्या दृष्टीने त्रासदायक ठरते.

शब्द कोणाचे, चाल कोणाची

ग्वाल्हेरच्या वृंदाजवळ काव्याचा एक हक्काचा ठेवा आहे. भा. रा. तांबे हे ग्वाल्हेरचे राजकवी होते आणि त्यांची कविता मुळातच गेय आहे. त्यांचे निधन 1941 साली झाले. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षापासून 60 वर्षे चालतो, त्यामुळे त्यांची कविता 2002 पासून सर्वांसाठी खुली आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. तांब्यांच्या ज्या कविता ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोहोचल्या, त्यांच्या चाली नंतरच्या संगीतकारांनी बांधलेल्या आहेत, आणि त्या चालींचा हक्क वेगळा मोजला जातो. शब्द खुले असले तरी चाल खुली असेलच असे नाही.

मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे हौसेने केलेल्या सादरीकरणाला, तसेच धार्मिक विधी, शासकीय समारंभ आणि विवाहाशी निगडित सोहळे यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. त्याच गाण्याचे चित्रीकरण पुढे यूट्यूबवर टाकणे या सवलतीत बसत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, दरवर्षी निदान एका खुल्या कवितेला वृंदातील किंवा गावातील एखाद्या जाणकाराकडून नवी चाल बांधून घ्यावी. चाल पहिल्यापासून समूहासाठी बांधली गेली, तर तिच्यात श्वासाच्या जागा, उंच-खालचे सूर आणि दोन गटांची देवाणघेवाण यांचा विचार आधीच होतो. एका आवाजासाठी बांधलेली भावगीते वीस जणांकडून गाऊन घेताना हाच विचार मागाहून करावा लागतो आणि तो बहुतेक वेळा जमत नाही.

समूहासाठी मुद्दाम रचना करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सलील चौधरी यांनी मुंबईत, रुमा गुहा ठाकुरता यांनी 1958 मध्ये कोलकात्यात आणि एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रासमध्ये तरुणांचे वृंद उभे केले. दिल्लीत 1939 साली गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे विनयचंद्र मौद्गल्य यांनी रागसंगीताच्या पायावर वृंदगान घडवले. मौद्गल्य हे पलुस्करांच्या परंपरेतले, आणि विष्णु दिगंबर पलुस्करांची गायकी ग्वाल्हेर घराण्याची. म्हणजे या वाटेचे एक टोक आपल्याच गावात आहे.

माणसे आणि पट्टी

सोळा ते चोवीस माणसे पुरेशी होतात. निवडीच्या वेळी गाणे म्हणून घेण्याबरोबर दोघांना शेजारी उभे करून एकच ओळ एकदम म्हणायला लावावी. जो दुसऱ्याचे ऐकून आपला आवाज सावरून घेतो, तो वृंदाला लवकर उपयोगी पडतो, मग त्याने परीक्षा दिलेल्या असोत वा नसोत.

स्त्री-पुरुष एकत्र गाणार असतील तर पट्टीचा, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर धरायचा याचा, प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. गायिकेची नेहमीची काळी चार किंवा पाच, गायकाची काळी एक, यावर वाद घालत बसण्यापेक्षा गाण्याचा विस्तार पाहावा. खास तालीम न घेतलेल्या स्त्रियांचा आवाज ढोबळमानाने पांढरी पाचपासून वरच्या सप्तकातील पांढरी एकपर्यंत, फार तर दोनपर्यंत, मोकळा लागतो. पुरुषांचा आवाज याच स्वरांवर पण एक सप्तक खाली लागतो. गाणे मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातील प) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातील सा) जात असेल तर षड्ज पांढरी एक किंवा काळी एक धरावा. गाणे मध्य षड्जाच्या खाली उतरतच नसेल आणि वर तार गांधारापर्यंत (वरच्या सप्तकातील ग) जात असेल, तर षड्ज पांढरी पाच किंवा काळी चार धरावा. याप्रमाणे प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी ठरते आणि तशी ती वहीत लिहून ठेवावी. एका कार्यक्रमात सर्व गाणी एकाच पट्टीत गाण्याची सवय सोडावी.

उच्चार

ग्वाल्हेरच्या वृंदाने सर्वाधिक वेळ येथे द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण शाळा, बाजार आणि मित्र हिंदीचे असतात, आणि गाताना हिंदी वळणाचे उच्चार नकळत येतात. एकट्याच्या गाण्यात ते खपून जाते. समूहात निम्मे एका प्रकारे आणि निम्मे दुसऱ्या प्रकारे म्हणू लागले की शब्दच कळेनासा होतो.

तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पहिले ठिकाण म्हणजे च, ज, झ यांचे दंततालव्य उच्चार. 'चांदणे', 'जरा', 'झाड' यांतील पहिली अक्षरे जीभ दातांमागे टेकवून म्हणावी लागतात, तर 'चिमणी', 'जीव' यांतील तालव्य असतात. समारंभाच्या शेवटी म्हटल्या जाणाऱ्या पसायदानात 'जो जे वांछील' हे शब्द येतात. त्यांतला 'जो' दंततालव्य आणि लगेचचा 'जे' तालव्य आहे. हे दोन शब्द आधी सुराशिवाय, अगदी सावकाश, एकेकाकडून म्हणवून घ्यावेत आणि मग सर्वांकडून. दोन्ही 'ज' वेगळे ऐकू आले की पुढच्या ओळीकडे जावे. दुसरे ठिकाण 'ळ'. 'सकळ', 'मंगळ', 'वेळ' यांत तो 'ल'कडे झुकतो. तिसरे ठिकाण 'ज्ञ'. हिंदीच्या सवयीने 'ग्यानेश्वर' होते, ते 'द्न्यानेश्वर' असे व्हायला हवे.

यानंतर शब्दांचे शेवट पाहावेत. बोलताना आपण 'दिवस' शब्दातील शेवटचा अकार गाळतो. गाताना तोच शब्द दोन मात्रा लांबला, तर काही जण 'स' लगेच उच्चारतात आणि काही जण उशिरा, आणि सभागृहात सगळीकडून सळसळ ऐकू येते. स्वर धरून ठेवून व्यंजन नेमक्या मात्रेवर एकदम सोडायचे, अशी खूण शब्दावर करून ठेवावी. सकाराने संपणाऱ्या शब्दांत ते व्यंजन अर्ध्याच जणांनी उच्चारले तरी पुरते.

एक सूर

पहिला महिनाभर सर्वांनी एकच चाल गावी. तानपुरा, किंवा मोबाइलवरचा तानपुरा, मध्ये ठेवावा आणि सर्वांनी त्याच्याभोवती गोलाकार बसून आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, षड्ज आणि पंचम लावावेत. पेटी या वेळी बंद ठेवावी. पेटीवर विसंबून बसलेला वृंद पेटी थांबताच उतरू लागतो. शिवाय पेटीचा गांधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि कान कोणत्या गांधारावर तयार करायचा हे आधी ठरवावे लागते.

मुरक्या, खटके आणि मींड या सुरांच्या सजावटींबाबत (हरकतींबाबत) स्पष्ट नियम हवा. चाल शिकवताना जेथे हरकत ठरली असेल तेथे ती सर्वांनी त्याच स्वरांत, त्याच मात्रांत घ्यावी; बाकी सर्व ठिकाणी सरळ सूर लावावा. ख्याल आणि नाट्यगीते शिकलेल्यांना हे जड जाते. त्यांना डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाला जाऊन सभांच्या आरंभीचे सामूहिक ध्रुपदगायन लक्ष देऊन ऐकायला सांगावे. माधव संगीत महाविद्यालयासारख्या संस्थांचे विद्यार्थी हे ध्रुपद गातात. ध्रुपद या जुन्या, धीरगंभीर गायनप्रकारात मुरकीला थारा नसतो, सूर सरळ आणि ठाम लागतात, चौतालाच्या बारा मात्रा हातावर मोजता येतात, आणि म्हणूनच वीस-पंचवीस आवाज एकत्र आले तरी शब्द आणि सूर दोन्ही पोहोचतात. त्या विद्यार्थ्यांच्या दम घेण्याच्या जागा कानांनी टिपण्याचा प्रयत्न करावा.

वृंदात दम आळीपाळीने घेता येतो, ही एकट्या गायकाला नसलेली सोय आहे. लांब ओळीत शेजारच्या दोघांनी कधीही एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, एवढे ठरवले की ओळ अखंड राहते. श्वास शब्दाच्या मध्ये, लांबलेल्या स्वरावर घ्यावा आणि हळूच पुन्हा सामील व्हावे.

दुसरा सूर

एक चाल घट्ट बसल्यावरच दोन गट करावेत. आजच्या वृंदगानात दुसऱ्या सुरांची रचना बरीच होते, पण नवख्या वृंदाने रागाबाहेर न जाता ती करावी. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे एका गटाने षड्ज किंवा पंचम धरून एखादा शब्द लयीत म्हणत राहावा आणि दुसऱ्याने चाल गावी. विठ्ठलनामाच्या गजरात हे आपण पूर्वीपासून ऐकत आलो आहोत.

त्यापुढचा प्रकार भूप रागात करून पाहावा. भूपात सा रे ग प ध हे पाचच स्वर आहेत आणि त्यांत शेजारचे दोन स्वर अर्ध्या सुराच्या अंतरावर कोठेही येत नाहीत, त्यामुळे आवाज एकमेकांवर घासत नाहीत. केरवा तालाच्या आठ मात्रांच्या या दोन ओळी घ्याव्यात:

ग रे सा रे । ग प ग ऽ
ध प ग प । ध सां ध ऽ

दुसरी ओळ पहिलीच्याच वळणाची आहे. प्रत्येक स्वराऐवजी भूपातला मधला एक स्वर सोडून वरचा स्वर घेतला आहे. प्रथम सर्वांनी दोन्ही ओळी पाठ कराव्यात. मग पहिल्या गटाने पहिली ओळ गाऊन दुसरीवर जाताच दुसऱ्या गटाने पहिली ओळ सुरू करावी. आता गांधारावर धैवत, ऋषभावर पंचम, षड्जावर गांधार आणि पंचमावर तार षड्ज अशा जोड्या ऐकू येतात आणि त्या सर्व गोड लागतात. षड्ज-गांधाराची जोडी वगळता बाकी सर्वांत षड्ज-मध्यमाचे (सा ते म एवढे) अंतर आहे. दोन-तीन आवर्तनांनंतर दोन्ही गटांनी मिळून 'ग रे सा' घेऊन षड्जावर यावे, कारण धैवतावर वारंवार थांबल्यास याच पाच स्वरांच्या देशकार रागाची छाया पडते, आणि ग्वाल्हेरच्या श्रोत्यांच्या ती लगेच लक्षात येईल.

दुर्गा रागातही हा प्रयोग करता येतो. भैरवासारख्या, कोमल स्वरांच्या रागात मात्र असे समांतर जाणे टाळावे आणि षड्ज धरून ठेवण्यावरच थांबावे. गट पाडताना सगळे तयार गायक एकाच गटात जाणार नाहीत, हेही पाहावे.

तालमीचा क्रम

गणेशोत्सवासाठी आषाढाच्या आरंभी सुरुवात केली तर साधारण दोन महिने हातात राहतात. आठवड्यातून दोनदा, दीड तासाची तालीम पुरते. पंधरा मिनिटे आवाज तापवणे, वीस मिनिटे उच्चार, पाऊण तास गाणी आणि शेवटी ध्वनिमुद्रण ऐकणे, असा क्रम ठेवावा. फोनवर मुद्रण करताना फोन वृंदापासून लांब, शेवटच्या श्रोत्याच्या जागी ठेवावा. तेथे शब्द कळले तरच ते कळले असे समजावे.

कार्यक्रमाच्या दिवशी

अर्धवर्तुळात उभे राहावे, मागची ओळ बाकावर किंवा पायरीवर असावी, म्हणजे समोर उभा राहून हाताने खुणा करत वृंद चालवणारा प्रत्येकाला दिसेल. तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ठेवावी. दोघांतिघांत एक असे हातातले माइक वाटू नयेत. त्याने माइकजवळचेच आवाज पुढे येतात. वीस जणांसाठी दोन किंवा तीन माइक समोर, डोक्याच्या किंचित वर, साधारण दीड मीटरवर लावावेत. दोन माइकमधील अंतर माइक ते गायक या अंतराच्या तिप्पट असावे, असा ध्वनियोजनेतला नियम आहे. त्या हिशेबाने दीड मीटरवरच्या दोन माइकमध्ये साडेचार मीटर अंतर येते. मंडप त्याहून अरुंद असेल तर एकाच माइकने काम भागवावे.

26 जानेवारीच्या सकाळी ग्वाल्हेरात कडाक्याची थंडी आणि अनेकदा धुके असते. ओलसर हवेत तबला उतरतो, तेव्हा तो मैदानावर आणल्यानंतर पुन्हा सुरात मिळवून घ्यावा. गाणाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वी मंद्र सप्तकात ओठ मिटून गुणगुणत आवाज तापवावा आणि मफलर गाण्याच्या क्षणापर्यंत काढू नये. संध्याकाळच्या उत्सवी कार्यक्रमात वृंदाची वेळ आधीच मागून घ्यावी, कारण रात्री दहा वाजल्यानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि भाषणे लांबली की कात्री गाण्यालाच लागते. वर्षातील मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळू शकते, पण ती त्या दिवशी लागू आहे का, हे आयोजकांकडून लेखी समजून घ्यावे.

व्यासपीठावर गेल्यावर तानपुऱ्यावरून षड्ज सर्वांनी मिटल्या ओठांनी एकदा लावावा. खुणा करणाऱ्याने हात वर नेताना सर्वांनी श्वास घ्यावा आणि हात खाली येताच पहिले अक्षर उच्चारावे. गाणे संपल्यावर त्याचा हात खाली येईपर्यंत कोणीही हालचाल करू नये. कार्यक्रमानंतरच्या तालमीला कार्यक्रमाचे मुद्रण सर्वांनी मिळून ऐकावे आणि ज्या ओळीत शब्द तुटले, ज्या आवर्तनात लय चढली, ज्या सुरावर पट्टी उतरली, त्या जागा गाण्याच्या पानावर पेन्सिलने खुणावून ठेवाव्यात. पुढच्या प्रसंगाची तालीम त्या खुणांपासून सुरू होते.